आधी हिरड्या, मग तारा

चिऊ, तुझा मेसेज वाचला. तारा लावू की ते पारदर्शक अलाइनर घेऊ, खर्च किती येईल, डिसेंबरात लग्न आहे तोपर्यंत होईल का, फोटोत दिसेल का, असं सगळं विचारून झाल्यावर शेवटी जाता जाता तू लिहिलंस, ‘ब्रश करताना थोडं रक्त येतं, पण ते माझं नेहमीचंच आहे.’ मला बोलायचंय ते त्या शेवटच्या ओळीबद्दल. तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्याच पोटात आहेत.

आधी एक सांगून टाकते. दात सरळ करून घ्यायला माझी अजिबात ना नाही. लग्नाच्या फोटोसाठी कर, नाहीतर स्वतःच्या आरशासाठी कर, कारण कुणाला सांगायची गरज नाही. ‘सत्ताविसाव्या वर्षी कसल्या तारा लावतेस?’ असं मावशी म्हणालीच असेल. तिला सांग, दात सरकायला वयाची अट नसते, पन्नाशीतही सरकतात. अट असते ती हिरड्यांची आणि हिरड्यांखालच्या हाडाची. तुझं ते ‘नेहमीचं’ रक्त नेमकं तिथे आडवं येतं.

निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त येत नाही, अगं. आपल्याकडे पुष्कळजणींच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नकोस. कड बघ. दाताला लागून असलेली कड पातळ आणि घट्ट हवी. ती फुगली असेल, चकचकीत दिसत असेल आणि ब्रश लागताच रक्त येत असेल तर तिथे सूज आहे. ही सूज कशाने येते? सकाळी उठल्यावर नखाने दाताच्या मुळाशी खरवडलंस की पांढरट, चिकट लगदा निघतो ना, त्याने. आम्ही त्याला प्लाक म्हणतो. तो अन्नाचा कण नव्हे, जिवाणूंची वस्ती असते. रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसून काही दिवसांत तो टणक होतो, त्याला तू किटण म्हणतेस. मग ब्रश कितीही घास, ते हलत नाही.

हे कुणी कसं शोधून काढलं ते मला कॉलेजात फार आवडलं होतं. 1965 साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांना दात साफ करणं बंद करायला लावलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, म्हणजे आमचेच भाऊबंद. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि सूज ओसरली. उष्णता वाढली, पित्त झालं, ‘आमच्या घराण्यातच हिरड्या नाजूक’ असं जे लोक सांगत येतात, त्या सगळ्यांना मला हा प्रयोग ऐकवावासा वाटतो.

सूज या पायरीवर आहे तोवर सगळं परत फिरवता येतं. पण काहीजणांत ती वर्षानुवर्षं तशीच राहते, हळूहळू हिरडीखाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. त्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. एकदा गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. शिवाय हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं, म्हणून लोक दाढ ठणकली की धावत येतात आणि हिरडीतून रक्त आलं की दहा वर्षांनी येतात.

आता तुझ्या दातांकडे वळू. तू पाठवलेल्या फोटोत खालचे पुढचे चार दात आहेत, त्यातला एक आत ढकललेला आणि शेजारचा त्याच्यापुढे तिरका उभा. फडताळात बरण्या गच्च कोंबल्या की मागच्या बरणीपर्यंत फडकं पोचतच नाही, तसं तुझं झालंय. पुढे आलेल्या दातावर ब्रश रोज आपटतो, आत गेलेल्याला त्याचा स्पर्शही होत नाही. त्यातून खालच्या पुढच्या दातांच्या मागेच जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, त्यामुळे किटण तिथे सगळ्यात लवकर धरतं. रक्त त्याच जागी येतं का, हे मी तुला न विचारताच सांगू शकते.

म्हणजे वाकडा दात स्वतः काही आजार करत नाही. आजार करतो तो प्लाक, वाकडा दात त्याला लपायला जागा देतो, बस. सरळ दातांचा हिरड्यांना जो फायदा होतो तो याच वाटेने होतो. दात ओळीत आले की ब्रश पोचतो, दोन दातांमधून दोरा सरळ खाली उतरतो, रोजचं साफ करणं पाच मिनिटांचं काम होतं. पण पोचता येणं आणि पोचणं यांत फरक आहे. कऱ्हाडात माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. दात असे की एकही धड सरळ नाही, आणि हिरड्या विशीतल्या पोराच्या. ते रोज रात्री दोन दातांमधून जाणारा बारीक ब्रश घेऊन आरशासमोर उभे राहतात. उलट सरळ, पांढरेशुभ्र दात असलेली, हिरडीला हात लावला की रक्त वाहणारी तरुण मुलंही रोज बघते.

म्हणून इन्स्टाग्रामवर तुला ‘दात सरळ करा, हिरड्या निरोगी ठेवा’ असं कुणी सांगत असेल तर मान डोलावण्याआधी थोडी थांब. 2008 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून एक आढावा छापून आला होता. तारा लावून उपचार केलेल्यांच्या हिरड्या इतरांपेक्षा चांगल्या राहतात, असा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट उपचार केलेल्यांच्यात हाड सरासरी 0.13 मिलिमीटरने कमी भरलं. हा आकडा इतका छोटा आहे की त्याने घाबरण्यासारखं काही नाही. पण जाहिरातीत म्हणतात तसं हे हिरड्यांचं टॉनिक नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

मग फायदा कुणाला होतो? ज्यांच्या तोंडात दाताची जागाच हिरडीला इजा करते किंवा साफसफाई अशक्य करते, त्यांना. काहींचे वरचे दात खालच्या दातांना पूर्ण झाकतात आणि तोंड मिटलं की खालच्या दातांच्या कडा टाळूच्या हिरडीत रुततात. तिथे कितीही ब्रश करा, जखम होतच राहते, दात सरकवल्याशिवाय सुटका नाही. काहींचा खालचा एखादा पुढचा दात वरच्या दाताच्या पुढे येऊन अडकलेला असतो. प्रत्येक घासाला तो बाहेर ढकलला जातो आणि त्याच्यासमोरची हिरडी खाली उतरते. कमी वयात तो ओळीत आणला तर तिथली हिरडी वाचवता येते. तिसरी गोष्ट आपल्या घरोघरी आहे. दाढ काढली, ‘मागची आहे, दिसत नाही’ म्हणून जागा तशीच सोडली. चार-पाच वर्षांत तिच्या मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलते, आणि कललेल्या बाजूला हिरडीत एक खोल खाच तयार होते. तिथे ना ब्रश जातो, ना दोरा. तुझ्या बाबांची डावीकडची खालची दाढ अशीच आहे, त्यांना सांगून मी थकले. ती दाढ पुन्हा उभी केली तर खाच उथळ होते आणि पुढे तिथे दात बसवायला जागाही मिळते.

तू यातल्या कुठल्या गटात बसतेस? माझ्या मते सौम्य गटात. तुझे दात सरळ झाले तर साफ करणं सोपं होईल, हा फायदा खरा आहे. पण तुझी आजची सूज उतरवायला तारेची गरज नाही.

आधी हिरड्या, हे मी इतकं ठासून का सांगतेय, ते दात सरकतो कसा हे कळलं की तुझ्या लक्षात येईल. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास. तारेने दाताला एका बाजूला हलका, सतत दाब दिला की त्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि हाड विरघळतं. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात, तिथे हाड घडवणाऱ्या पेशी नवं हाड घालतात. समोरची भिंत पाडत आणि मागे नवी उभारत दात महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर चालतो. शरीराची ही कारागिरी मला अजून थक्क करते. पण ही कारागिरी चालू असताना हिरडीखाली सूज असली तर? सूजही हाडच खाते. मग पाडणाऱ्यांच्या दोन टोळ्या होतात आणि बांधणारे मागे पडतात. शिवाय दात सरकताना वरचा प्लाक हिरडीखाली ओढला जाऊ शकतो. ज्याची हिरडी सुजलेली असताना तारा लागतात, त्याचं हाड तारांशिवाय गेलं असतं त्याहून लवकर जाऊ शकतं.

उलटंही तितकंच खरं आहे, आणि ते ऐकून तुला बरं वाटेल. हाड आधी थोडं गेलेलं असलं, पण हिरड्या उपचाराने पूर्ण शांत झालेल्या असल्या, तर दात सुरक्षितपणे सरकवता येतात. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने 2022 मध्ये पायोरियाच्या सगळ्यात पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही दात सरकवण्याचा उपचार आहे. पण क्रम ठरलेला आहे. आधी हिरड्या, त्या आवाक्यात आल्याची खात्री, आणि मगच तारा.

तेव्हा पुण्यात ज्या कुणाकडे जाशील तिथे पहिल्या भेटीत काय होतं ते बघ. बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळी प्रत्येक दाताभोवती हिरडीत अलगद घालून कुणी आकडे सांगतंय का? एक ते तीन आकडे आले तर छान. चार-पाच आले तर काम आहे. सहा-सात आले तर तारेचा विषय तूर्त बंद. त्यासोबत एक्स-रे हवा, हाड कुठवर आहे ते त्यात दिसतं. यातलं काहीच न करता तोंडात स्कॅनर फिरवून स्क्रीनवर ‘तुमचे दात असे दिसतील’ म्हणून सुंदर चित्र दाखवलं, आणि लगेच हप्त्यांची गोष्ट सुरू झाली, तर चहा पिऊन उठ. घरी पाकीट येतं, स्वतःच ठसे घ्यायचे, डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, असल्या भानगडीत तर पडूच नकोस. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये एकाएकी बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले लोक दात अर्धे सरकलेल्या अवस्थेत वाऱ्यावर राहिले.

पहिली पायरी स्केलिंग, म्हणजे किटण काढणं. आता तू म्हणशील, ‘आई म्हणते क्लिनिंग केल्याने दात हलायला लागतात, फटी पडतात.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या दवाखान्याच्या दारावर त्याचं उत्तर रंगवून ठेवावं म्हणते. अगं, फट आधीच पडलेली असते. हाड खाली गेलेलं असतं, हिरडी ओसरलेली असते, आणि मधल्या जागेत दगडासारखं किटण भरलेलं असतं. ते काढलं की फट दिसते आणि किटणाच्या आधाराने तग धरून असलेला दात आपला खरा डळमळीतपणा दाखवतो. स्केलिंगने दाताचं आवरण झिजतं, हाही तसाच गैरसमज. किटण निघाल्यावर काही दिवस गार पाणी झोंबतं, तेवढं सोसायचं. मग सहा-आठ आठवडे नीट घासायचं आणि पुन्हा तपासणी. तेव्हा सळी फिरवल्यावर रक्त आलं नाही, की तुझी तारांची फाईल उघडायची.

नीट घासायचं म्हणजे जोर लावून नव्हे. मऊ ब्रश, फ्लोराइडची टूथपेस्ट, ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलके हलवायचे. तू लहानपणी करायचीस तसं आडवं खसाखसा घासणं बंद. पुढे आलेल्या दाताची हिरडी त्यानेच खाली उतरते. आत गेलेल्या त्या दातासाठी एकाच झुपक्याचा छोटा ब्रश मिळतो, तो आण. आणि टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीतली काडी यांतलं काही दातात घालताना मला दिसलीस तर बघ.

तारा की अलाइनर, हा प्रश्न माझ्या मते तुझ्या स्वभावाचा आहे. दोन्हींनी दात सरकतात. गुंतागुंत फार असेल तर तारा जास्त कामाच्या, तुझ्यासारख्या सौम्य गर्दीला अलाइनरही चालतो. अलाइनर काढून दात नेहमीसारखे घासता येतात, म्हणून हिरड्या जरा सुखात राहतात. पण तो दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात असावा लागतो. आता तुझा दिवस मोज. सकाळचा चहा, नाश्ता, ऑफिसात पोचल्यावरचा चहा, जेवण, चारचा चहा, कुणाच्या वाढदिवसाचा केक, संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चहा. दर वेळी काढायचा, खाऊनपिऊन झालं की किमान खळखळून चूळ भरायची, मग पुन्हा घालायचा. अलाइनर तसाच ठेवून गोड चहा प्यायलीस तर तो चहा दातांभोवती कोंडून राहतो, लाळ त्याला धुवायला पोचत नाही, आणि दात किडायला लागतात. मेसेजला उत्तर द्यायला चार दिवस लावणारी तू हे पाळशील का, याचं उत्तर तूच दे. मी काही बोलत नाही.

तारांमध्ये ही शिस्त पाळायची गरज नाही, कारण त्या काढताच येत नाहीत. तिथे वेगळं संकट. मेथीचं पान, पोह्यांतला कोथिंबिरीचा देठ, रायवळ आंब्याचे धागे, सगळं तारेत अडकून बसतं. कणसाचे दाणे सोलून खायचे, पेरू-सफरचंद चिरून. चिक्की, ऊस, कडक लाडू आणि शेंगदाणे-फुटाणे नकोच, दातावर चिकटवलेले ते ब्रॅकेट उडतात. रात्रीचं घासणं दोन मिनिटांत होत नाही, दहा मिनिटं धर. तारेच्या वरून, तारेच्या खालून, मग इंटरडेंटल ब्रश प्रत्येक फटीतून. हे नीट झालं नाही तर हिरडी फुगून ब्रॅकेटवर चढते आणि दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटतात. तारा काढल्यावर दात सरळ आणि डागाळलेले, असं मी पाहिलेलं आहे, आणि त्या मुलीच्या आईचा चेहराही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश कुणी दिलं तर सांगितलं तेवढेच दिवस वापर, त्याने दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. ते ब्रशच्या बदल्यात नसतं.

आता एक गोष्ट, जी तुला कुणी आपणहून सांगणार नाही म्हणून मी सांगते. खालच्या पुढच्या दातांसमोरचं हाड कागदासारखं पातळ असतं. गर्दी सोडवायला जागा लागते. ती जागा कुठून आणायची? एक वाट म्हणजे सगळे दात पुढे कलवायचे. ही वाट लोकांना आवडते, कारण दात काढावे लागत नाहीत. पण पातळ हाडाच्या पलीकडे दात ढकलले तर काही वर्षांनी हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. कुणाला उपदाढा काढणं योग्य असतं, कुणाला दातांच्या कडा केसभर घासून जागा करता येते. तुझ्यासाठी कुठलं हे मी फोटोवरून सांगू शकत नाही, मी साधी बीडीएस आहे. पण ‘जागा कुठून काढणार आणि माझ्या पुढच्या हाडाचं काय’ हा प्रश्न तू ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारांच्या डॉक्टरला, विचारायचासच. चांगला डॉक्टर त्या प्रश्नाने खूश होतो.

दुसरं म्हणजे काळे त्रिकोण. वर्षानुवर्षं एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की दोघांच्या मधे, हिरडीच्या टोकाशी, बारीक काळी फट दिसायला लागते. तिशीच्या आसपासच्या रुग्णांत हे पुष्कळदा होतं. कडा घासून ती बरीच कमी करता येते. पण आधी माहीत नसेल तर बायका रडत येतात, ‘दात खराब करून ठेवले’ म्हणून.

तारा निघाल्या की संपलं, असंही नाही. दात जुन्या जागी पळायला टपलेले असतात, म्हणून दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवतात किंवा रात्री घालायला रिटेनर देतात. मागची ती तार किटणाची लाडकी जागा. तिच्याखालून दोरा ओवून रोज काढायचा. हे आयुष्यभराचं आहे, लग्नासारखंच.

लग्नावरून आठवलं. डिसेंबरपर्यंत तुझे दात पूर्ण सरळ होतील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर मला त्याचं नाव कळव. असा उपचार साधारण दीड-दोन वर्षांचा असतो. माझं म्हणशील तर आत्ता हिरड्या ठीक करून घे. सुजलेली, लाल कड गेली की वाकड्या दातांचंही हसू किती छान दिसतं ते तुझं तुलाच कळेल. मग अलाइनर घेणार असशील तर सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू कर आणि मुहूर्ताच्या दिवशी चार-पाच तास काढून ठेव, काही बिघडत नाही. तारा लावायच्या तर लग्नानंतर लाव. नाहीतर दाताच्या रंगाचे सिरॅमिकचे ब्रॅकेट लाव आणि मनसोक्त हस, आजकाल कुणी बघत नाही. पुढे दिवस गेले तर एक लक्षात ठेव, गरोदरपणात हिरड्या थोड्याशा प्लाकनेही भडकतात. तारा असताना तेव्हा दर तीन महिन्यांनी क्लिनिंग चुकवू नकोस. स्केलिंग गरोदरपणात करता येतं, त्याला सासूबाई नको म्हणाल्या तर मला फोन लावून दे.

खर्चाचं म्हणशील, तर धातूच्या तारा सगळ्यात स्वस्त, सिरॅमिक त्याहून महाग, अलाइनर सगळ्यात महाग. खासगी दवाखान्यातला आकडा ऐकून छाती दडपली तर दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. पुण्यात आहेत, मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी आहेत. तिथे वेळ जातो, रांग असते, पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात. पण मागे प्राध्यापक उभे असतात, आणि हिरड्यांचा विभाग आणि तारांचा विभाग एकाच इमारतीत असल्याने दोघं तुझ्या तोंडाबद्दल एकमेकांशी बोलतात, हा फायदा पैशांपेक्षा मोठा. खासगीत गेलीस तर तारांसाठी ऑर्थोडॉन्टिक्समधला एमडीएस आणि हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिक्समधला एमडीएस, हे पाटीवर वाच.

आणखी एक, आणि हे तुझ्या दातांपेक्षा तातडीचं आहे. दिवाळीच्या फोटोत मावशीच्या वरच्या पुढच्या दोन दातांमधे फट दिसतेय. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत ती नव्हती, मी मुद्दाम काढून पाहिलं. मावशी म्हणेल, वय झालं. वयाने अशी फट पडत नाही, चिऊ. हाड झिजलं की पुढचे दात पंख्यासारखे बाहेर सरकतात, लांब दिसायला लागतात. त्यात तिला साखर आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडलेल्या राहिल्या की साखर आवरत नाही, दोन्हीकडून ओढाताण. आजीची मिश्री मावशीनेही लग्नाआधी काही वर्षं लावली होती, हे तुला माहीत नसेल. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांना लावून आपल्याकडच्या किती बायकांनी दात गमावले, आणि कॅन्सरची भीती वेगळीच. मावशीची ती फट मिटवता येईल, तिलाही तारा लावता येतील, पण आधी सळी फिरवून, एक्स-रे काढून, हिरड्यांचा पुरा उपचार करून. आणि तो लवकर.

तर येत्या शनिवारी गाडी काढ आणि कऱ्हाडला ये. दोघींचं स्केलिंग मी करते, एक्स-रेही इथेच काढू आणि पुढे पुण्यात कुणाला दाखवायचं ते बघू. मावशीला तिच्या दातांसाठी बोलावलंस तर ती येणार नाही, गुडघ्याचं निमित्त काढेल. तिला एवढंच सांग, माझ्या तारांचं ठरवायचंय आणि ताईने सोबत मोठं माणूस आणायला सांगितलंय.